नागरी विमान वाहतुकीचा ध्वज : मागणी नोंदवण्यापूर्वी हे वाचा

या ध्वजाच्या आकाशी कापडावर गडद निळा क्रूस नुसता शिवला, तर मशीनवर असेपर्यंत तो छान दिसतो. ध्वज काठीवर चढवून तीस पावलं मागे गेलं, की दोन्ही निळे एकमेकांत मिसळतात आणि क्रूस हरवतो. म्हणून क्रूसाच्या दोन्ही कडांना पांढरा गोट असतो. आमच्या पहिल्या नमुन्यात आम्ही हा गोट फार बारीक ठेवला होता. कापड वाऱ्यावर हललं की तो दिसेनासाच व्हायचा. तो नमुना आम्ही पूर्ण उसवला आणि पुन्हा शिवला. युरोपातल्या ढालचिन्हांचा जुना दंडकही हेच सांगतो : रंगावर रंग ठेवू नये, मध्ये पांढरा किंवा पिवळा यावा. दुरून ओळखू येणं हेच ध्वजाचं काम, आणि दंडक त्यातूनच आला आहे.

हा ध्वज मुळात ब्रिटनचा. लष्करी नसलेल्या विमानांसाठी तो १९३१ साली राजाज्ञेने ठरवण्यात आला. कल्पना जहाजांकडून घेतलेली. ब्रिटिश व्यापारी जहाजाच्या मागच्या टोकाला लाल ध्वज असतो, तसं आपल्या विमानांनाही स्वतःचं निशाण हवं, असा तो विचार होता. उडत्या विमानावर कापड टिकणार कसं? त्यामुळे ध्वज जमिनीवरच लावायचा. इम्पीरियल एअरवेज या त्या काळच्या ब्रिटिश विमान कंपनीची विमानं उतरून सावकाश इमारतीकडे येत, तेव्हा चालकाच्या खोलीवर छोट्याशा दांडीला तो फडकत असे. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांना तर तो फारच शोभे, कारण नांगरलेलं विमान अर्धं जहाजच की!

रचना अशी. ध्वजाची रुंदी उंचीच्या दुप्पट. पूर्ण पट आकाशी. मध्यातून जाणारी एक उभी आणि एक आडवी गडद निळी पट्टी, दोघींना पांढरा गोट. काठीकडच्या वरच्या चौकोनात ब्रिटनचा राष्ट्रध्वज, युनियन जॅक. हा चौकोन गोटाला भिडून संपतो, पट्टीवर चढत नाही. चित्रावरून घाईत नक्कल करणारे इथेच चुकतात.

युनियन जॅकबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. तो वरून खाली सारखा दिसतो असं वाटतं, पण तसा तो नाही. त्यातल्या तिरप्या पांढऱ्या पट्ट्या लाल पट्टीच्या एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद असतात. काठीकडच्या अर्ध्या भागात रुंद पांढरी पट्टी लालच्या वर यायला हवी. उलट झालं तर ध्वज उलटा लागला असं होतं, आणि जाणकाराच्या नजरेतून ते सुटत नाही. आमच्याकडे शिवून झालेला प्रत्येक कोपरा दुसरा माणूस तपासतो, मगच तो मोठ्या पटाला जोडला जातो.

ब्रिटनच्या हवाई दलाचा ध्वजही आकाशी आहे आणि त्याच्याही कोपऱ्यात युनियन जॅक आहे. फरक मोकळ्या बाजूला पाहावा : हवाई दलाच्या ध्वजावर लाल-पांढरं-निळं गोल चिन्ह असतं, नागरी ध्वजावर क्रूस. दोन्हींची फोनवरून दिलेली वर्णनं हुबेहूब सारखी वाटतात. त्यामुळे मागणीसोबत चित्र पाठवाच.

हीच रचना पुढे इतर देशांनी घेतली. ऑस्ट्रेलियाच्या नागरी हवाई ध्वजावर दक्षिण क्रूस या तारकासमूहाचे तारे आले. न्यूझीलंडच्या ध्वजावरही ते आहेत, पण लाल रंगात. भारताच्या ध्वजात युनियन जॅकच्या जागी तिरंगा आहे. बहुतेक देशांनी मात्र असा वेगळा ध्वज केलेलाच नाही, त्यांचं काम राष्ट्रध्वजावर भागतं.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे पत्रक छापलं. हा ध्वज कुणीही कुठेही लावायचा नसतो. ब्रिटनच्या नियमांप्रमाणे तो तिथे नोंदलेल्या विमानावर, परवाना असलेल्या विमानतळावर, विमान कंपनीच्या स्वतःच्या इमारतींवर किंवा त्यांच्याजवळ, आणि विमान वाहतूक प्राधिकरणाने परवानगी दिलेल्यांनाच लावता येतो. इतर देशांचे नियम वेगळे असू शकतात. संग्रहालयात काचेआड ठेवायचा, की अंगणातल्या काठीवर फडकवायचा, यानेही फरक पडतो. आम्ही शिवून देऊ, पण लावण्याची परवानगी ज्या देशाचा ध्वज आहे त्या देशाच्या विमान वाहतूक खात्याकडून आधी विचारून घ्या. ध्वज तयार झाल्यावर तो कपाटात पडून राहावा, असं आम्हाला मनापासून वाटत नाही.

काही ग्राहक विचारतात, की विमानाचं राष्ट्रीयत्व या ध्वजावरून ठरतं का? नाही. १९४४च्या शिकागो करारानुसार विमान ज्या देशात नोंदलेलं, त्या देशाचं ते. ती ओळख अंगावर रंगवलेल्या अक्षरांनी होते : ब्रिटनसाठी जी, भारतासाठी व्हीटी, न्यूझीलंडसाठी झेडके. ध्वज नसला म्हणून विमानाचं काही अडत नाही. तो मानाचा आहे, आणि म्हणूनच तो नीट शिवलेला असावा असा आमचा आग्रह.

कापडाचं थोडक्यात. सतत वारा असलेल्या उघड्या जागेसाठी विणलेलं पॉलिएस्टर घ्या. वारा मंद असेल तर नायलॉन, ते हलकं असल्याने झुळकेवरही उलगडतं. छापील ध्वज स्वस्त पडतो, पण मागच्या बाजूने रंग फिके दिसतात. शिवलेल्यात पट्ट्या दोन्ही बाजूंनी सारख्याच गडद राहतात. काठीकडे जाड पांढरा नेफा असतो, त्यातून दोरी जाते.

झिजायला सुरुवात मोकळ्या टोकापासून होते. आम्ही तिथे चार ओळी टीप मारतो, तरी धागे सुटणारच. साध्या ध्वजाचं टोक थोडं कापून पुन्हा दुमडलं तर चालून जातं. इथे चालत नाही, कारण उभी पट्टी बरोबर मध्यावर आहे. दोनदा कापलं की बाहेरचे दोन चौकोन आखूड होतात आणि क्रूस सरकलेला दिसतो. म्हणून दोन-चार धागे सुटताच ध्वज उतरवून आमच्याकडे पाठवा, आम्ही न कापता आतून पट्टी लावून देतो. ओला ध्वज घडी घालून ठेवू नका, गडद निळ्याचा डाग पांढऱ्या गोटावर उतरतो आणि तो निघत नाही.

मागणी नोंदवताना देश, काठीची उंची, आणि ध्वज बाहेर लागणार की आत, एवढं कळवा.