गुठळी झाली, हे यंत्राला कळतं कसं?

रक्त गोठण्याची तपासणी म्हणजे मुळात घड्याळ लावणं. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशींविना उरलेला द्रव, ३७ अंश सेल्सिअसला आणायचा, त्यात रिएजंट, म्हणजे गोठणं सुरू करणारं रसायन, घालायचं आणि गुठळी धरेपर्यंतचे सेकंद मोजायचे. आर्मंड क्विक यांनी १९३५ मध्ये मांडलेली पीटी (प्रोथ्रॉम्बिन टाइम) ही अशीच चाचणी आधी हातानेच व्हायची. काचेची नळी तिरपी करत राहायचं आणि फायब्रिनचा, म्हणजे गुठळी विणणाऱ्या प्रथिनाचा, पहिला धागा दिसला की स्टॉपवॉच बंद करायचं. आता हे काम यंत्र करतं, म्हणून नवं यंत्र आलं की आधी त्याचीच परीक्षा घ्यावी लागते.

काही यंत्रं प्लाझ्मातून प्रकाश सोडतात आणि प्लाझ्मा गढूळ होताना पाहतात. काहींमध्ये कपात पोलादाची बारीक गोळी चुंबकाच्या ओढीने हेलकावत असते. प्लाझ्मा घट्ट झाला की तिचा झोका आखडतो. चरबीमुळे दुधाळ झालेला नमुना गोळीला फारसा अडत नाही, प्रकाशाला मात्र चकवू शकतो. म्हणून नव्या यंत्राला असे बिघडलेले नमुने मुद्दाम द्यावेत.

एकच प्लाझ्मा वीस वेळा लावला की आकडे किती हलतात ते दिसतं. १२ सेकंदांच्या नॉर्मल नमुन्यावर बहुतेक यंत्रं शहाण्यासारखी वागतात. कस लागतो तो वेळ लांबलेल्या नमुन्यावर. तेच पुन्हा वेगवेगळ्या दिवशी करायचं, कारण रिएजंटही शिळं होत जातं.

मला सगळ्यात आवडते ती कॅरीओव्हरची, म्हणजे एका नमुन्याचा अंश पुढच्यात जातो का हे पाहणारी चाचणी. आधी नॉर्मल नमुना, मग हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाने भरलेला, लगेच पुन्हा तोच नॉर्मल. दुसऱ्या खेपेला नॉर्मलचा एपीटीटी (गोठण्याच्या दुसऱ्या एका चाचणीचा वेळ) लांबला, तर सुई नीट धुतली जात नाही. म्हणजे एका रुग्णाचं औषध दुसऱ्याच्या रिपोर्टात उतरतंय!

जुन्या यंत्राशी तुलना करताना ‘कोरिलेशन ०.९९’, म्हणजे दोन्हींचे आकडे जवळपास एकत्रच वरखाली होतात, एवढं ऐकून भुलू नये. नवं यंत्र दर वेळी दोन सेकंद जास्त दाखवत असलं, तरी हा आकडा तितकाच देखणा येतो. दोन्ही यंत्रांतला फरकच काढून पाहावा लागतो.

वॉरफेरिन ही रक्त गोठू न देणारी गोळी घेणाऱ्यांसाठी तर नुसते सेकंद पुरतच नाहीत. रिएजंट आणि यंत्राची जोडी बदलली की सेकंदही बदलतात, म्हणून १९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आयएनआर हा सगळीकडे तुलना करता येणारा आकडा स्वीकारला. रुग्णाचे २४ सेकंद, नॉर्मलची सरासरी १२, गुणोत्तर २. त्याला आयएसआय, म्हणजे त्या जोडीची संवेदनशीलता सांगणारा आकडा, घातांक म्हणून लावायचा. आयएसआय १ असेल तर आयएनआर २ येतो, १.३ असेल तर जवळपास २.५. म्हणजे नव्या जोडीवर जुनाच आयएसआय राहिला, तर यंत्र निर्दोष असूनही गोळीचा डोस चुकू शकतो.

आणि एक गोष्ट यंत्राच्या हाती नेहमीच असते असं नाही. रक्त घेण्याच्या नळीत, ते आधीच गोठू नये म्हणून घातलेल्या सायट्रेटच्या एका भागाला नऊ भाग रक्त हवं. नळी अर्धीच भरली तर जादा सायट्रेट गोठायला लागणारं कॅल्शियम अडवून बसतं आणि वेळ उगाच लांबतो. यंत्र तो लांबलेला वेळ दशांशापर्यंत अचूक छापून देतं.