एम.एस.चा अर्ज ताणून पीएच.डी.चा होत नाही

"आधी एम.एस. कर, मग पीएच.डी.चं बघू." इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षापासून हे वाक्य काका, सीनियर, कन्सल्टन्सीवाले सगळे ऐकवतात. अमेरिकेत तशी सक्ती नाही. तिथल्या बहुतेक इंजिनीअरिंग विभागांत चार वर्षांच्या बी.ई.वर थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो. एमआयटीच्या इलेक्ट्रिकल-कॉम्प्युटर विभागात तर बाहेरून येणाऱ्याला नुसत्या मास्टर्सला, म्हणजे एम.एस.ला, प्रवेशच नाही. पीएच.डी.ला घेतात, मास्टर्स वाटेत मिळते.

एम.एस. काय असतं ते घरोघरी माहीत आहे: दीड-दोन वर्षं, एज्युकेशन लोन, शेवटच्या सेमला नोकरीची धावपळ. पीएच.डी. पाच-सहा वर्षांची, बहुधा फी माफ आणि वर स्टायपेंड. ट्रान्स्क्रिप्ट, टोफेल ही इंग्रजीची परीक्षा, तीन एलओआर (शिफारसपत्रं), डिसेंबरच्या आसपासची मुदत हे दोन्हीकडे जवळपास सारखंच. जीआरई ही प्रवेशपरीक्षा अनेक विभागांनी काढून टाकली आहे. ती लागते की नाही हे विभागाच्या वेबसाइटवर बघा, व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारू नका.

घोळ होतो तो पुढे. तोच एसओपी (स्वतःबद्दलचं निवेदन), तीच पत्रं, फक्त 'एम.एस.'च्या जागी 'पीएच.डी.' टाकून अर्ज जातो आणि मग "माझा सीजीपीए ९.४, केटी एकही नाही, तरी सगळीकडे रिजेक्ट" अशी रडारड.

एम.एस.चा अर्ज वाचणाऱ्याला एवढंच बघायचं असतं की या मुलीला आमचे कोर्स झेपतील का. फी बहुतेकदा तीच भरणार असते. त्यासाठी मार्क, कॉलेज, विषय पुरतात. पीएच.डी.ला प्रवेश समिती असली, तरी कुणातरी प्राध्यापकाला तुम्ही आपल्या गटात हवे असावे लागता, कारण बरेचदा तुमचा खर्च त्याच्या ग्रँटमधून, म्हणजे संशोधनासाठी मिळालेल्या निधीतून, निघणार असतो. त्याला जाणून घ्यायचं असतं की कुठल्याच पुस्तकात उत्तर नसलेला प्रश्न हिच्यापुढे ठेवला, तर ही काय करेल. ९.४ वरून ते कळत नाही.

कळतं ते कशावरून? बी.ई. प्रोजेक्टबद्दल "आम्ही मोटर कंट्रोलर बनवला, पहिलं बक्षीस मिळालं" हे एम.एस.ला चालून जातं. पीएच.डी.ला लिहायचं ते असं: सिम्युलेशन आणि प्रत्यक्ष मोजमाप जुळेना, मग चूक कुठे कुठे शोधली, काय सापडलं आणि काय शेवटपर्यंत कळलं नाही. न कळलेला भाग आपली मुलं हमखास खोडून टाकतात. वाचणाऱ्याला नेमका तोच हवा असतो. लहानपणी रेडिओ उघडून बघितल्याची गोष्ट मात्र दोन्हीकडून काढा. प्रत्येकानेच तो रेडिओ उघडलेला असतो.

पत्रांचंही तेच. एचओडींनी सही केलेलं "सिन्सिअर, पंक्च्युअल, टॉप फाइव्ह पर्सेंट" एम.एस.ला निभावून जातं. पीएच.डी.ला ते जवळपास कोरा कागद. तुम्हाला लॅबमध्ये अडखळताना आणि पुन्हा उभं राहताना ज्याने पाहिलं, त्याचं पत्र हवं, मग ती आयआयटी मुंबईतली उन्हाळी इंटर्नशिप असो की पुण्याच्या एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतली. आणि आपलं पत्र आपणच लिहून सरांची सही घ्यायची ही पद्धत तर मला मुळीच पटत नाही. तिन्ही पत्रं एकाच हाताची आहेत हे लगेच दिसतं.

पैसे देऊन छापलेला 'इंटरनॅशनल जर्नल'मधला पेपर वगळा. साठ प्राध्यापकांना एकच "रिस्पेक्टेड सर" मेल पाठवण्यापेक्षा एकाचा पेपर नीट वाचून एक खरा प्रश्न विचारा.

नुसत्या पदवीच्या नावावरही जाऊ नका. इलिनॉय अर्बाना-शँपेनला कॉम्प्युटर सायन्सचं एम.एस. थीसिसचं आहे, त्याचा अर्ज पीएच.डी.च्या वळणाने लिहावा. त्याच विभागाचं एमसीएस हे कोर्सवर्कचं, म्हणजे आपल्या ओळखीचं एम.एस. कॉर्नेल आणि बर्कलीचं एम.इंज. (मास्टर ऑफ इंजिनीअरिंग) साधारण वर्षभराचं, थेट नोकरीकडे नेणारं.

"पीएच.डी.ला घुस, फुकटात एम.एस. घे आणि बाहेर पड" असा सल्ला देणाऱ्यांपासून लांब राहा. खरोखर न जमल्यामुळे मास्टर्स घेऊन निघणं वेगळं. ठरवून तसं करणारा गाइडची ग्रँट आणि एक जागा वाया घालवतो.

ऑफर आल्यावरही फरक आहे. स्टायपेंडसह आलेल्या ऑफरला १५ एप्रिलपर्यंत उत्तर न देण्याची मुभा अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या विद्यापीठांनी मान्य केली आहे. स्वखर्चाच्या एम.एस.ला हे संरक्षण नाही. तिथे ॲडमिटच्या पत्रातली तारीख पाळायची.