नव्या मॉडेलचे पाटे, जुन्या पिकअपची ताकद?

जुन्या पिकअपला नव्या मॉडेलचे कंपनीचेच पाटे (मागच्या चाकांवर गाडीचा भार झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) बसवले की गाडी जास्त माल ओढते, हा समज वर्षानुवर्षे चालत आलाय. अर्धवट खरा आहे, म्हणूनच टिकलाय. जाड पाटे बसवल्यावर भरलेली गाडी मागून कमी बसते, एवढंच. चासी (गाडीचा सांगाडा), ॲक्सल (चाकं बसवलेला आडवा आस), बेअरिंग, टायर, ब्रेक जुनेच राहतात आणि भारमर्यादा त्या सगळ्यांवर मिळून ठरते. पाट्याची जाडी दुप्पट केली तर त्याचा कडकपणा आठपट होतो. रिकामी गाडी मग खड्ड्यांत उड्या मारते.

खरी गोम ब्रेकमध्ये आहे. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलला दांडीने जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. चासी आणि ॲक्सलमधलं अंतर कमी झालं की तो भार वाढल्याचं समजून मागच्या चाकांना जास्त दाब देतो. कडक पाट्यांवर गाडी उंचच राहते, व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते आणि भरल्या गाडीचे मागचे ब्रेक ढिले पडतात. ही दांडी नव्या उंचीप्रमाणे लावून घ्यायचं बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही.

‘कंपनीचाच पार्ट आहे, बसणारच’ हेही खरं नाही. पाट्याची रुंदी, दोन्ही डोळ्यांमधलं (टोकांच्या गोल भोकांमधलं) अंतर, पट्ट्या एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टची जागा आधी मोजा. थकलेले पाटे बदलायचे असतील तर जरूर बदला, पण माल आरसी बुकात लिहिलाय तेवढाच.