न्यू इंग्लिश स्कूल, पुणे

न्यू इंग्लिश स्कूल, पुणे : मॅट्रिकसाठी मुले तयार करणारी खाजगी माध्यमिक शाळा. स्थापना जानेवारी १८८०. संस्थापक विष्णुशास्त्री चिपळूणकर व बाळ गंगाधर टिळक. महादेव बल्लाळ नामजोशी आणि वामन शिवराम आपटे लवकरच येऊन मिळाले. गोपाळ गणेश आगरकर एम. ए. च्या परीक्षेतून मोकळे होऊन १८८१ मध्ये आले.

‘निबंधमाला’कार चिपळूणकर सरकारी शाळेत मास्तर होते. त्यांची बदली रत्नागिरीला झाली आणि १८७९ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. टिळकांनी नुकतीच वकिलीची परीक्षा दिली होती. दोघांनाही सरकारी खात्याबाहेरची शाळा हवी होती. आता नाव पाहा. राष्ट्रीय शिक्षणाचे मूळ म्हणून जिचा उल्लेख होतो त्या शाळेची पाटी इंग्रजीत, नावात ‘इंग्लिश’ आणि शिकवायचे तेही मुख्यतः इंग्रजीच. चिपळूणकर इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणत, त्यामुळे त्यांना यात विसंगती वाटण्याचे कारण नव्हते. अभ्यासक्रमही वेगळा नव्हता. मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक ही नावाने आणि कामानेही कॉलेजची प्रवेशपरीक्षा होती. ती चुकवून कोणत्याही शाळेला विद्यार्थी टिकवता आले नसते. तेव्हा या शाळेचे स्वातंत्र्य पुस्तकांत शोधू नये. शाळा कोण चालवतो, किती पगारावर चालवतो आणि कोणाला जबाब देतो, यात ते होते.

सुरुवातीला खर्च मुलांच्या फीतून भागे. पहिल्या वर्षी चिपळूणकर व टिळक यांनी पगार घेतला नाही. शाळेला वसतिगृह नव्हते. बाहेरगावची मुले पेठांतल्या नातलगांकडे राहत, नाहीतर वार लावून जेवत: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. ज्या घरी वार चुकला त्या दिवशी उपास. मुले बहुतेक ब्राह्मण घरांतली होती आणि मुली नव्हत्याच.

शाळेचे नाव झाले ते निकालांवर. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्यांना जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळे. ती या शाळेकडे वारंवार आली. त्यामागे आपट्यांचे हात होते. संस्कृत रचनेवरचे त्यांचे विद्यार्थ्यांसाठीचे पुस्तक १८८१ चे, म्हणजे शाळेच्या ऐन उमेदीतले; प्रसिद्ध संस्कृत-इंग्रजी कोश पुढे १८९० मध्ये आला. टिळकांचा विषय गणित. मधल्या पायऱ्या ते तोंडीच उरकत, फळ्यावर सगळे मांडत बसत नसत, अशी आठवण सांगितली जाते. हुशार मुलांना ते मानवले असणार; मागच्या बाकांचे काय झाले असेल, हे वाचकाने ठरवावे.

१८८१ च्या जानेवारीत याच मंडळींनी ‘केसरी’ व ‘मराठा’ काढले. दिवसा वर्ग, नंतर या वृत्तपत्रांची मुद्रिते तपासणे. कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्याविरुद्ध छापलेल्या मजकुरावरून अब्रूनुकसानीचा खटला झाला आणि १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांनी मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. त्याच वर्षी मार्चमध्ये चिपळूणकर वारले, वय अवघे ३१. दोन वर्षांच्या शाळेने एका वर्षात एक संस्थापक कायमचा गमावला आणि दोन शिक्षक काही महिन्यांसाठी. तरी ती मोडली नाही.

१८८२ मध्येच हंटर शिक्षण आयोगाच्या अध्यक्षांनी शाळा पाहून तिची तारीफ केली. याच आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी साक्ष दिली, की सरकारचा पैसा वरच्या शिक्षणावर खर्च होतो आणि शेतकऱ्याच्या मुलाला प्राथमिक शाळाही मिळत नाही. पुण्यातल्या शिक्षणाचा इतिहास लिहिताना या दोन गोष्टी एकाच पानावर याव्यात. सहसा येत नाहीत. दुसरी बाजू मुलींची. १८८४ मध्ये मुलींचे हायस्कूल निघाले, तेव्हा तिथल्या इंग्रजी अभ्यासक्रमावर टिळकांच्या वृत्तपत्रांनी टीका केली. वाघिणीचे दूध मुलग्यांपुरतेच होते म्हणायचे.

२४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी गद्रे वाड्यात फर्ग्युसन कॉलेज उघडले. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचे नाव कॉलेजला दिले. कॉलेजसाठी मुले तयार करणाऱ्या शाळेने पाच वर्षांत स्वतःचेच कॉलेज काढले, आणि पहिले प्राचार्यपद शाळेच्या आपट्यांकडे गेले. गोपाळ कृष्ण गोखले १८८५ मध्ये शाळेत साहाय्यक शिक्षक म्हणून आले, १८८६ मध्ये सोसायटीचे आजीव सदस्य झाले.

आजीव सदस्याने वीस वर्षे ठरावीक, अल्प वेतनावर काम करायचे, अशी अट होती. तेढ इथेच पडली. वेतन वाढवावे का, बाहेरची मिळकत चालेल का, शिक्षकाने सार्वजनिक कामे अंगावर घ्यावीत का? टिळकांचे म्हणणे, सदस्याचा सगळा वेळ संस्थेचा. आगरकरांना संसाराच्या गरजा नाकारणे पटत नव्हते. त्यात समाजसुधारणेवरून दोघांचे आधीच बिनसले होते; आगरकरांनी १८८७ मध्ये ‘केसरी’ सोडला. गोखल्यांनी सार्वजनिक सभा या पुण्याच्या राजकीय संस्थेचे चिटणीसपद घेतले तेव्हा वाद टोकाला गेला आणि १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. सरकारी नोकरी नको म्हणून काढलेल्या शाळेतून तिचा संस्थापकच बाहेर पडला, तेही आपल्याच सहकाऱ्यांशी न जमल्याने. शाळा सोसायटीकडे राहिली. पुण्यात टिळक रस्त्यावर आणि रमणबागेत तिच्या नावाच्या शाळा आजही भरतात.