भूखंड निचरा (सांगली परिसर)

भूखंड निचरा : शेतजमीन बिगरशेती करून तिचे भूखंड पाडताना आणि त्यांवर बांधकाम करताना पावसाच्या पाण्याला वाट करून देण्याची व्यवस्था. सांडपाण्याचा निचरा हा वेगळा विषय आहे. मात्र सांगलीच्या अनेक वसाहतींत दोन्ही प्रकारचे पाणी एकाच उघड्या गटारातून वाहते, त्यामुळे हा भेद कागदावरच राहतो. गटार, मोरी, पागोळी ही अंगे सर्वपरिचित असल्याने त्यांचे वर्णन येथे केलेले नाही.

भूरचना व माती : सांगली शहर कृष्णेच्या पूर्व काठावर, सपाट गाळाच्या जमिनीवर वसले आहे. वारणा हरिपूरजवळ कृष्णेला मिळते. पावसाच्या दृष्टीने जिल्हा विषम आहे : शिराळ्याकडे तो सर्वाधिक, आटपाडी-जतकडे सर्वांत कमी. सांगली-मिरज हा पट्टा मध्यम ते कमी पावसाचा असल्याने येथे निचऱ्याची फारशी गरज नसावी, असा समज होतो. तो दोन कारणांनी चुकीचा ठरतो. एक, वळीव आणि परतीचा पाऊस थोड्या वेळात जोरात कोसळतो. दुसरे, शहरात ऊन पडलेले असतानाही कोयना आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील पावसाने कृष्णा फुगलेली असू शकते. नदीचे पाणी आणि शहरावरच पडणारे पाणी ही येथे दोन स्वतंत्र संकटे आहेत आणि कधीकधी ती एकाच आठवड्यात येतात.

नदीकाठची काळी माती खोल आहे. पूर्वेला कुपवाड-मिरजेच्या बाजूस ती सामान्यतः उथळ होत जाते व खाली मुरूम लागतो. काळ्या मातीचे वर्तन निचऱ्याच्या गणितात सर्वांत त्रासदायक असते. मे महिन्यात तिला हात शिरेल एवढ्या भेगा पडलेल्या असतात आणि वळवाच्या पहिल्या सरीचे पाणी त्या भेगांत गडप होते. भूखंड पाहायला आलेल्या माणसाला जमीन पाणी पिणारी वाटते. नंतर माती फुगते, भेगा मिटतात आणि तीच जमीन जवळपास पाणबंद होते. सप्टेंबरच्या अखेरीस पडणारी तेवढीच सर जवळजवळ सगळी वाहून जाते. म्हणून अपवाह गुणांक (पडलेल्या पावसापैकी वाहून जाणारा अंश) ठरवताना जमीन भिजलेली आहे असे धरणेच योग्य होय.

अपवाहाचे गणित : लहान क्षेत्रासाठी भारतात रूढ असलेले सूत्र असे : प्र = १० × गु × ती × क्षे. यात प्र म्हणजे ताशी घनमीटरमध्ये प्रवाह, गु म्हणजे अपवाह गुणांक, ती म्हणजे ताशी मिलिमीटरमध्ये पावसाची तीव्रता आणि क्षे म्हणजे हेक्टरमध्ये क्षेत्र.

या सूत्राचे जनकत्व विवाद्य आहे. इंग्लंडमधील लेखनात ते लॉइड-डेव्हिस यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांचा निबंध १९०६ मधला आहे. अमेरिकी परंपरा ते एमिल कुइचलिंग यांच्याकडे नेते. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहराच्या गटारांच्या अनुभवावरून त्यांनी १८८९ मध्ये पाऊस व गटारातील प्रवाह यांचे नाते मांडले. तिसरा पक्ष आयर्लंडचे टॉमस मल्व्हनी यांचा. त्यांचा निबंध १८५०-५१ चा, म्हणजे कुइचलिंगच्या जवळपास चार दशके आधीचा आहे. क्षेत्राच्या दूरच्या टोकाचे पाणी मुखापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ, म्हणजेच संकलन काल, ही या सूत्रामागची मूळ कल्पना आहे आणि ती मल्व्हनी यांच्या लेखनात स्पष्टपणे आढळते. तितका वेळ पाऊस एकसारखा पडला तरच सगळे क्षेत्र एकाच वेळी पाणी देते व प्रवाह शिखर गाठतो. कुइचलिंग यांनी ही कल्पना शहरी गटारांना लावली. नागरी उपयोगाचे श्रेय त्यांना आणि मूळ कल्पनेचे मल्व्हनी यांना देणे अधिक सयुक्तिक दिसते. मल्व्हनी यांच्यापुढचा प्रश्न मुख्यतः शेतजमिनीच्या निचऱ्याचा होता, ही गोष्ट सांगलीसारख्या ठिकाणी लक्षात ठेवण्याजोगी आहे. येथील बहुतेक नव्या वसाहती कालपरवापर्यंत उसाची शेते होत्या.

मुंबई इलाख्यासाठी क्लॉड इंग्लिस यांचे सूत्रही प्रसिद्ध आहे. चौरस किलोमीटरमधील क्षेत्राला १२४ ने गुणून, क्षेत्र अधिक १०.४ याच्या वर्गमुळाने भागले की सेकंदाला घनमीटरमध्ये पूरप्रवाह मिळतो. घाटाकडील नद्यांच्या पाणलोटांसाठी केलेले हे सूत्र भूखंडाला लावू नये. १ हेक्टरला लावल्यास सेकंदाला सुमारे ०.३८ घनमीटर एवढे उत्तर येते, म्हणजे ताशी १३८ मिमी पावसाचा थेंबन्‌थेंब वाहून गेल्यासारखे.

प्रत्यक्ष आकडे पाहता, १ गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. त्यावर ५० मिमी पाऊस पडला तर सुमारे ५,००० लिटर पाणी जमते. आता १ एकराचा लेआउट घ्या. शेत असताना गुणांक ०.३ आणि छपरे, काँक्रीट रस्ते, पेव्हर ब्लॉक झाल्यावर ०.७ धरला, तर ताशी ६० मिमीच्या पावसात प्रवाह ताशी सुमारे ७३ घनमीटरवरून १७० घनमीटरवर जातो. तासाभरात सुमारे ९७ घनमीटर पाणी जादा येते. हे पाणी खालच्या शेजाऱ्याकडे जाते.

रोखणे की जिरवणे : जादा पाण्याचे काय करायचे याविषयी दोन मते आहेत. एक पक्ष शोषखड्डे व पुनर्भरण विहिरींचा पुरस्कार करतो. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीतही ठरावीक आकारमानापुढच्या भूखंडांना पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे. मुरमाच्या जमिनीत हा उपाय उत्तम चालतो. खोल काळ्या मातीत मात्र शोषखड्डा जुलैपर्यंत भरतो व मग तसाच भरलेला राहतो. पावसाळ्यात नदीकाठची भूजल पातळीही वर आलेली असते. वाळवा-मिरज तालुक्यांत अतिसिंचनाने क्षारपड झालेल्या जमिनी आहेत. तिथे तर जमिनीतले पाणी काढण्यासाठी सच्छिद्र नळ जमिनीत गाडावे लागतात. अशा जागी आणखी पाणी मुरवण्यात काही अर्थ नाही.

दुसरा पक्ष पाणी तात्पुरते रोखून सावकाश सोडावे असे मानतो, आणि नदीकाठच्या पट्ट्यात हाच पक्ष सबळ आहे. ०.४ हेक्टर व त्यापुढील लेआउटमध्ये १० टक्के खुली जागा सोडावी लागते. १ एकरात ती सुमारे ४०५ चौरस मीटर होते. वरच्या उदाहरणातले ९७ घनमीटर पाणी त्या जागेत पसरले तर त्याची खोली २४ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम वीतभर भरते. या खुल्या जागेतली बाग वीतभर खोल ठेवून तिच्या तोंडाशी लहान व्यासाचा नळ बसवला, तर शेत असताना जेवढे पाणी बाहेर जात होते साधारण तेवढेच बाहेर जाईल. प्रत्यक्षात मात्र हीच जागा भराव घालून रस्त्यापेक्षा उंच केलेली आढळते.

उतार : सपाट जमिनीत गटाराचा उतार मिळवणे हीच खरी कसोटी. ४५ सेंटिमीटर रुंदीच्या काँक्रीट गटारात ३० सेंटिमीटर पाणी धरले, तर पाचशेत एक उताराला वेग सेकंदाला सुमारे ०.७६ मीटर येतो. हजारात एक उताराला तो ०.५४ वर घसरतो. ०.६ च्या खाली गाळ बसू लागतो. या दोन उतारांत १०० मीटर लांबीला केवळ १० सेंटिमीटरचा फरक आहे, आणि डंपी लेव्हल (पातळी मोजण्याची दुर्बीण) न लावता गवंड्याच्या नजरेवर खोदलेल्या गटारात तो सहज हरवतो.

किती वर्षांतून एकदा येणारा पाऊस धरायचा, हाही प्रश्न आहे. केंद्र सरकारच्या मलनिःसारणविषयक जुन्या पुस्तिकेत (१९९३) परिघावरील निवासी भाग वर्षातून दोनदा तुंबला तरी चालेल, मध्यवर्ती व जास्त किमतीचा निवासी भाग एकदा, आणि व्यापारी भाग दोन वर्षांतून एकदा, असे सुचवले होते. म्हणजे जमिनीची किंमत जितकी कमी, तितके तुंबणे अधिक सह्य मानले होते. पावसाळी निचऱ्यासाठी २०१९ मध्ये स्वतंत्र पुस्तिका निघाली आणि हे निकष कडक झाले. जुनी गटारे अर्थात जुन्याच मापाची आहेत.

मुखाची अडचण : गटार कितीही चांगले असले तरी त्याचे पाणी अखेर ओघळीत, नाल्यात व तिथून नदीत जायचे असते. सांगलीत आयर्विन पुलाजवळ (१९२९) कृष्णेची इशारा पातळी ४० फूट व धोका पातळी ४५ फूट मानली जाते; २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांवर गेले. नदी काठ ओलांडण्याच्या कितीतरी आधी नाल्यांतून उलटे पाणी शहरात शिरते. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, काकानगर, दत्तनगर हे भाग त्यामुळे आधी पाण्याखाली जातात. नाल्याच्या मुखाशी झडपेचे दार बसवले तर नदी आत येत नाही, पण आतले पाणीही बाहेर पडत नाही. म्हणून दाराबरोबर पंप लागतोच. निळ्या पूररेषेच्या (२५ वर्षांतून एकदा येणारा पूर) आत बांधकामाला मनाई असून निळ्या व लाल (१०० वर्षांतून एकदा) रेषांमधील पट्ट्यात ते अटींवर होते.

शामरावनगरसारख्या सखल भागात नदीला पूर नसतानाही पाणी साचते. तिथे मूळ ओत (पाणी वाहून जाण्याच्या सखल वाटा) व ओघळी भरावाखाली गेल्या आहेत. गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकलेल्या जमिनीत निचऱ्याचा आराखडा कोणी केलेलाच नव्हता. २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाने अशी बांधकामे नियमित करण्याची सोय झाली, पण गेलेली ओघळ त्याने परत येत नाही. पुढे प्रत्येक घर आपले जोते शेजाऱ्याहून उंच घेते, रस्त्यावर खडीचा नवा थर चढतो, आणि पंचवीस वर्षांपूर्वी दोन पायऱ्या चढून जावे लागे त्या घराच्या उंबऱ्याला आता रस्ता लागतो. घराघराने स्वतंत्र भराव घालण्यापेक्षा भूखंड पाडण्याआधी समपातळी रेषांचा नकाशा करून ओघळ लेआउटच्या रस्त्याकडेला कायम ठेवणे स्वस्त पडते.

कायदा : १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ७ मधील उदाहरणानुसार वरच्या जमिनीत नैसर्गिकरीत्या पडणारे व ठरावीक पात्राविना वाहणारे पाणी खालच्या मालकाने वाहू दिले पाहिजे. छपराचे व काँक्रीटचे वाढलेले पाणी एका नळातून काढून शेजाऱ्याच्या बांधावर सोडणे हे या नैसर्गिक वाहण्यात मोडते असे मानणे कठीण आहे. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली पृष्ठभागावरील पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवणारा बेकायदा अडथळा तहसीलदार दूर करवू शकतो. हा उपाय शेती, चराई, झाडे किंवा पिके यांखालील जमिनीपुरता असून दावा सहा महिन्यांत दाखल करावा लागतो. लेआउटच्या भरावाने पाणी तुंबलेला लगतचा शेतकरी त्याचा आधार घेऊ शकतो; त्याच लेआउटमधील घरमालकाला मात्र महापालिकेकडे किंवा दिवाणी न्यायालयाकडेच जावे लागते.