ट्राऊट अधिवासाचे पुनरुज्जीवन (ड्रिफ्टलेस प्रदेश)

अमेरिकेतील विस्कॉन्सिनचा नैर्ऋत्य भाग आणि त्याला लागून असलेला मिनेसोटा, आयोवा व इलिनॉय या राज्यांचा डोंगराळ पट्टा म्हणजे ड्रिफ्टलेस प्रदेश. शेवटच्या हिमयुगातले बर्फाचे थर इथवर पोचले नाहीत, म्हणून दऱ्या खोल राहिल्या. चुनखडी व वालुकाश्मातून पाझरणारे झऱ्यांचे पाणी बारा महिने साधारण ८ ते १० अंश सेल्सिअस असते. ट्राऊट हा थंड, वाहत्या पाण्यातला मासा. पाणी सतत २० अंशांच्या वर राहिले तर इथली मूळची ब्रूक ट्राऊट टिकत नाही. युरोपातून १८८३ मध्ये अमेरिकेत आणलेली ब्राऊन ट्राऊट थोडी काटक.

एकोणिसाव्या शतकात उतार उभे नांगरले गेले, चराई वाढली आणि डोंगरावरची माती दरीत येऊन बसली. ओढे उथळ, रुंद व गढूळ झाले. काठ मातीच्या उभ्या भिंती बनले. १९३३ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या कून क्रीक या ओढ्याच्या खोऱ्यात देशातला पहिला पाणलोट मृद्संधारण प्रकल्प सुरू झाला. समपातळीवर पट्ट्यांनी पेरणी, तीव्र उतारावर चराईबंदी, घळींवर बांध अशी ती कामे होती. पाणी जिरू लागले, झरे वाढले. ओढ्याच्या पात्रातली कुठलीही दुरुस्ती याच्या आधी करू नये: वरून गाळ येत असेल तर खालचा डोह दोन-चार पुरांतच भरतो.

पात्रातल्या कामात आधी उभा काठ कापून १:३ (एक भाग उंचीला तीन भाग आडवे) किंवा त्याहून सौम्य उतार देतात. त्यामुळे पूर बाजूला पसरतो, काठ पोखरत नाही. निघालेली माती पूररेषेबाहेर नेतात. काठावरच ढीग ठेवला तर पहिल्या पुरात ती परत पात्रात येते.

माशांच्या आडोशासाठी वळणाच्या बाहेरच्या बाजूला ‘लंकर’ म्हणजे काठाखाली पोकळी ठेवणाऱ्या लाकडी पेट्या बसवतात. सुमारे ५ सेंमी जाड व २.४ मी. लांब ओकच्या फळ्यांचे दोन थर, मध्ये लाकडी ठोकळे घालून फूटभर पोकळी, आणि भोकांतून तळात मीटर-दीड मीटर ठोकलेल्या लोखंडी सळया. वर दगड, मग माती, मग गवताचे बी. उन्हाळ्यातल्या सर्वांत कमी पाण्यातही वरची फळी बुडालेली हवी. सतत पाण्यात राहिलेला ओक दशके टिकतो. ओला-सुका होत राहिला की लवकर कुजतो. दोन्ही टोके काठात नीट घुसवून दगडांनी बांधली नाहीत, तर पाणी मागून वाट काढते आणि पेटी पात्रात उघडी पडते.

आडोसा मिळाला तरी वीण आपोआप होत नाही. मादी शरद ऋतूत डोहाच्या शेवटी, खळाळाच्या तोंडाशी, १ ते ५ सेंमीच्या खडीत शेपटीने खळगा करून अंडी पुरते. खडीच्या फटींतून पाणी वाहिले तरच अंड्यांना प्राणवायू मिळतो. बारीक वाळूने फटी बुजल्या की ती गुदमरतात. म्हणून ऑक्टोबरपासून वसंतापर्यंत पात्रात यंत्र उतरवू नये.

पूर्वी सगळीकडे काठांवर दगडी पिचिंग (दगडांचे अस्तर) करून झाडे सरसकट तोडली जात. ओढा जागच्या जागी जखडला जातो आणि पिल्लांना लपायला फांद्या उरत नाहीत, ही त्या पद्धतीची मोठी उणीव. बॉक्स एल्डरसारखी उथळ मुळांची झाडे काढणे योग्य, पण मुळांसकट ओंडके पात्रात तिरके रोवले तर डोह आपसूक खणला जातो. पुराचा हिशेबही आता जास्त धरावा लागतो: ऑगस्ट २०१८ च्या अतिवृष्टीत कून क्रीक व वेस्ट फोर्क किकापूच्या खोऱ्यांतली पूरनियंत्रणाची पाच धरणे फुटली.