वकिली व्यवसायाचे स्वतंत्र नियमन

वकिलांना सनद देणे, त्यांच्या वर्तनाचे नियम ठरवणे आणि नियम मोडणाऱ्यावर कारवाई करणे ही कामे सरकार आणि वकीलवर्ग या दोघांच्याही दबावाबाहेरच्या संस्थेने पाहावीत, अशी व्यवस्था. यातली पहिली अट सहज पटते. वकिलाला अनेकदा सरकारच्याच विरोधात उभे राहावे लागते. सनद काढून घेण्याचा अधिकार मंत्र्याच्या हाती असेल, तर नावडत्या आरोपीचे वकीलपत्र घेण्याआधी तो दोनदा विचार करील. म्हणून अनेक देशांत हा अधिकार वकिलांच्याच परिषदांकडे राहिला.

खरा वाद दुसऱ्या अटीचा आहे. अपील मुदतीत दाखल झाले नाही किंवा वसूल झालेली रक्कम हाती पडली नाही, म्हणून पक्षकार तक्रार करतो आणि ती ऐकायला बसतात वकीलच. निकाल न्याय्य असला तरी त्याच्या मनातली शंका जात नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारने पाहणीसाठी नेमलेल्या डेव्हिड क्लेमेंटी यांच्या २००४ च्या अहवालाने नेमके यावर बोट ठेवले : सभासदांचे हित जपणे आणि त्यांचे नियमन करणे ही कामे वेगळी करा. २००७ च्या कायद्याने लीगल सर्व्हिसेस बोर्ड हे देखरेख मंडळ स्थापन झाले. त्यात बिगरवकील सदस्यांचे बहुमत असावे, असे कायदाच सांगतो. सॉलिसिटर आणि बॅरिस्टर या तिथल्या वकिलांच्या दोन प्रमुख वर्गांचे नियामक या मंडळाच्या देखरेखीखाली आहेत. सेवेबद्दलच्या तक्रारी मात्र २०१० पासून वेगळ्या लोकपालाकडे जातात. आयर्लंडने २०१५ च्या कायद्याने स्वतंत्र प्राधिकरण नेमले, पण त्याने तक्रारी स्वीकारायला २०१९ चा ऑक्टोबर उजाडला. अमेरिकेत हे काम मुख्यत्वे प्रत्येक राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या अखत्यारीत येते.

भारतात १९६१ चा अधिवक्ता अधिनियम लागू आहे. राज्य विधिज्ञ परिषदांचे सदस्य वकीलच निवडून देतात, आणि तीन जणांच्या शिस्तपालन समितीतही तिघे वकीलच असतात. तक्रार वर्षभरात निकाली निघाली नाही तर ती भारतीय विधिज्ञ परिषदेकडे जाते. शेवटचे अपील सर्वोच्च न्यायालयात. न्यायालयाच्या अवमानाची शिक्षा म्हणून सनद निलंबित करता येत नाही, ते परिषदेचे काम, असे याच न्यायालयाने १९९८ मध्ये ठरवले. २०२४ मध्ये वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेबाहेर असल्याचा निर्णय आला, त्यामुळे पक्षकाराचा आणखी एक दरवाजा बंद झाला. २०२५ च्या दुरुस्ती मसुद्यात केंद्राने भारतीय विधिज्ञ परिषदेवर सदस्य नेमण्याची तरतूद होती. वकिलांनी आंदोलन केले आणि मसुदा फेरविचारासाठी मागे घेण्यात आला. तो विरोध रास्तच होता. पण शिस्तपालन समितीत एकही बिगरवकील का नाही, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.

वकिलांच्या भूमिकेविषयीच्या, संयुक्त राष्ट्रांच्या १९९० च्या हवाना तत्त्वांनी शिस्तभंगाच्या कारवाईसाठी एकच साचा लादलेला नाही. व्यवसायाने नेमलेली निःपक्षपाती समिती, कायद्याने स्थापलेले स्वतंत्र प्राधिकरण किंवा न्यायालय, यांपैकी काहीही चालते. मात्र निर्णयाची स्वतंत्र न्यायालयीन फेरतपासणी व्हायला हवी.